भागिरथीच्या दाढा

कोल्हारच्या भगवतीचा कळस दिसायला लागला, तशी भागिरथी वाटेतल्या लिंबाखाली थांबली. दोघी वस्तीवरून नगरची एसटी धरायला निघाल्या होत्या. तिच्या भावजयीनं, गोजरबाईनं, पिशवी छातीशी धरली होती. आत धडप्यात गुंडाळलेले प्लास्टरचे दोन जबडे होते, भागिरथीच्याच दातांचे साचे.

"वैनी, येष्टी चुकली तर?"

"चुकली तर बरंच हुईल," गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं.

एकाहत्तर सालचा माघ होता. भागिरथीला एकोणिसावं सरत होतं. तिचा खालचा जबडा पुढं आलेला. शाळेत पोरं तिला 'फावडं' म्हणायची. दाढा जुळत नव्हत्या, म्हणून भाकरी कायम दुधात कुस्करून. पुण्याहून महिन्याला नगरला येणाऱ्या दातांच्या डॉक्टर बाईंनी हे साचे घेतले होते. खालचा साचा मागं सरकवून त्यांनी दाखवलं, पुढचे दात बसत होते, पण वरच्या दाढा खालच्यांच्या आतच पडत होत्या.

"वरचा जबडा अरुंद आहे," बाई म्हणाल्या. "आधी तो रुंद करू. दाढेवर दाढ बसली, की मग पुण्याला खालचं हाड कापून मागं घेता येईल. लहानपणी आणली असती, तर हे रुंद करणं फार सोपं गेलं असतं."

टाळूला स्क्रूची चकती बसली. दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावलं, की भागिरथी भावजयीच्या मांडीवर डोकं ठेवून आ करायची, आणि गोजरबाई तारेची किल्ली घालून जरासा फेरा द्यायची.

"वैनी, घड्याळाला चावी देताय का?"

"गप पड. बोललीस तर जीभच फिरवीन."

मग एक दिवस भागिरथीनं दाढेखाली शेंगदाणा फोडला. कट् असा आवाज झाला. त्या दिवशी हसताना ती पदर तोंडाशी न्यायचं विसरली.

आणि जामखेडकडचं स्थळ आलं. बिजवर. 'हाय तशी चालंल,' म्हणाले. भागिरथीच्या वडलांना, रंभाजीदादांना, आभाळ ठेंगणं झालं.

"मामंजी, आपरेशन झाल्यावर लगीन..." गोजरबाईनं दाराआडून विचारलं.

"दीड म्हैना तारंनं तोंड बांधत्यात म्हनं. तशी नवरी उभी करू मांडवात? ती मानसं थांबायची न्हाईत. तोंडात लोखंड दिसलं, तर सोयरीक मोडंल. काढून आना ती चकती."

हाड घट्ट व्हायच्या आत चकती काढली, तर दाढा पुन्हा आत येतील, असं बाईंनी बजावलं होतं. भागिरथी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून म्हणाली, "जाऊ द्या वैनी. दादांना लई वर्सांनी हसताना बघितलं."

आता लिंबाखाली तिनं कनवटीचा एक शेंगदाणा काढला, दाढेखाली धरला आणि सावकाश फोडला. कितीतरी वेळ चावत राहिली. गोजरबाईनं कळसाकडं बघून हात जोडले, पण मागावं काय, तेच तिला सुचेना.

"वैनी, साचे बाईंना परत देऊ नका. तुमच्या देव्हाऱ्याखाली ठिवा."

"आता काय करायचेत ते, भागू?"

"मला पोरगी झाली, आन् तिचा जबडा माझ्यावानी निघाला, तर तिथं माझं कोन ऐकनार हाय? तुमी या. हे साचे दाखवा, भांडा, कायबी करा. पन ल्हान हाय तवाच तिला बाईंकडं न्या."