आमच्या आत्याचा जबडा

भिवंडीतले सगळे लूम एकदम चालू केले असते, तरी माझ्या थोरल्या आत्याचा आवाज त्यांना पुरून उरला असता. आत्या म्हणजे अंजूरची धवलारीण, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी गाणारी. लग्नातला प्रत्येक विधी तिच्या धवल्यांवर चाले, आणि कोणी घाई केली की ती तोंड आणखी मोठं उघडून दोन कडवी वाढवायची. एरवी त्या तोंडात अख्खी सुपारी. "अडकित्ता कोनाला? माजे दात हायेत की!" म्हणत ती कडकन फोडायची आणि आम्ही मोठ्या ऐटीत पाहुण्यांकडे बघायचो.

ऐंशीच्या दशकात माझ्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं आणि आत्याचा जबडा धरला. घास चावताना कानापुढे कट्‌कन वाजे, जांभई अर्ध्यातच अडके. दाढच दुखतेय असं ठरवून तिने हट्टाने एक चांगली दाढ उपटून घेतली. दुखणं जागच्या जागी. शेवटी मी तिला भिवंडीतल्या दातांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या कानांपुढे बोटं ठेवून तोंडाची उघडझाप करायला लावली. म्हणाले, "मावशी, दात उत्तम आहेत. हा जबड्याचा सांधा दुखावलाय. सुपारी बंद, मऊ जेवण, गरम शेक. आणि तोंड मोठं उघडायचं नाही."

"तोंड न्हाय उघडलं तं धवला कसा गायाचा? माज्या पोरीचं लगीन हाय!" बाहेर बसलेले रुग्ण दचकून उभे राहिले. मग आत्या चक्क रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. डॉक्टर नरमले. "गा की. पण हळू. ओळ झाली की थांबा."

पथ्य तिने सगळ्या गावालाच पाळायला लावलं. कोणी जांभई दिली की ही धावत जाऊन त्याच्या हनुवटीखाली मूठ धरायची. स्वतः मऊ भात गिळत, शेकाचा टॉवेल डोक्याला गुंडाळून फिरायची.

लग्नात ती हळू गायली. एक ओळ, मग कानापुढे दोन बोटं दाबून विसावा. मांडवातल्या बायका पुढे सरकल्या, बँडवालेही गप्प झाले. आजवर आत्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. शब्द त्या दिवशी ऐकले. पुढे सांधा बरा झाला, तरी ती तशीच गात राहिली. माझी छाती तेव्हा फुगली ती आजही तशीच आहे.

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. परवा शेलार गावात एका लग्नात तरुण धवलारणीने ओळ संपवली, कानापुढे दोन बोटं ठेवली आणि थांबली. मी नंतर काळजीने विचारलं, "जबडा दुखतो का गं?"

"न्हाय वो," ती हसली, "धवला असाच गातान. तुमाला ठाव न्हाय?"

मी ‘ठाऊक आहे’ अशी मान हलवली, आणि माझी दोन बोटं आपोआप कानापुढे गेली.