भर वर्गात बापाची वहाण

"गावाकडे हिला झटका आला की तुम्ही काय करता? करून दाखवा बरं सगळ्यांना."

विद्यापीठातले मोठे प्राध्यापक माह्या बापाले म्हणाले. पायऱ्या-पायऱ्यायचे बाक, वरपर्यंत डॉक्टरकी शिकणारी पोरं-पोरी भरलेली. खाली मधात खुर्चीवर मी. तेल राहू नये म्हणून सकाळीच केस धुवाले लावले होते. मोकळ्या केसायत तारा चिकटवलेल्या, अन् बाजूच्या मशीनमंधून रेघा-रेघायचा कागद निघून राह्यला होता. मी वयात आलेली पोर. आमच्या घरी मोकळ्या केसानं अंगणातही येऊ देत नसत.

मले मिरगीचे झटके येत. एकदा चुलीपाशी आली अन् डावा हात विस्तवात गेला. तवा मेहकरच्या दवाखान्यातले डॉक्टर बापाले म्हणाले, "विद्यापीठात मेंदूवर संशोधन चालू हाय. तिथं न्या हिले, गोळ्या फुकट भेटतीन." पहिल्या खेपेच्या गोळ्यायनं मिरगी थांबली. सारा उन्हाळा मी पडली नाही. एकटी विहिरीवर जाऊ लागली. एकटी! गोळ्या सरत आल्या म्हणून आम्ही परत आलो, तं म्हणे आधी वर्गात बसा, मंग गोळ्या.

बापाले वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्याले इचारून राह्यला म्हणजे मानच झाला. हात जोडून म्हणाला, "वहाण हुंगवतो साहेब."

"मग हुंगवा ना."

वहाण होती बाहेर. इथं इद्या शिकवतात, पायातलं घालून कसं जावं, म्हणून बापानं ती दाराशीच काढली होती. बाकी साऱ्यायच्या पायात बूट. एकटा माहा बाप अनवाणी. तो वहाण आणाले गेला अन् सारा वर्ग गालातल्या गालात हसत वाट पाहत बसला.

एक वहाण हातात घेऊन तो आला. मधातच थांबला. धोतराच्या सोग्यानं ती पुसली, दोनदा पुसली. पोरीच्या नाकाले लावाची होती ना! अन् मंग माह्या नाकापाशी धरली.

मी शुद्धीत होती. टक्क जागी. कातड्याचा, शेणाचा, घामाचा वास नाकात गेला अन् वर्ग खो-खो हसला. प्राध्यापक इंग्रजीत काहीतरी बोलले, पोरायनं ते वहीत लिहून घेतलं. मले बापाची लाज वाटली. असा कसा हा भोळसट, असं वाटलं. लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"मागच्यांना नीट दिसलं नाही. पुन्हा एकदा."

बापानं हात पुन्हा वर केला. म्या त्याचं मनगट धरलं.

"राहू दे बा."

"साहेब सांगून राह्यले ना माय."

"मी पडली काय? मंग कायले?"

त्याच्या हातातली वहाण घेतली. वाकली तं तारायनं केस ओढले, डोळ्यात पाणी आलं. वहाण त्याच्या पायापाशी ठेवली. "घाल पायात." तो प्राध्यापकाइकडे पाहे. "त्याइच्याकडे पाहू नको. घाल."

त्यानं घातली. दुसरी बाहेरच होती. एका पायात वहाण, एक पाय उघडा, असा माहा बाप त्या वर्गात उभा राह्यला.

"गोळ्या नकोत वाटतं?" प्राध्यापक शांतपणे म्हणाले.

डोळ्यापुढं चूल दिसली. जळका हात पदराखाली घेतला.

"गोळ्या पाह्यजेत," म्या म्हणलं. "त्याच्यासाठीच आली. तमाशा कराले नाही आली. गोळ्या भेटतवर मी उठत नाही. मिरगी इथंच आली तं येऊ द्या. नाकाले वहाण लावू देणार नाही."

माह्या 'कराले'वर कोणीतरी हसलं. नाक वाहत होतं. काही शूर-बिर नव्हती मी. पण बसली. तास संपला, पोरं गेली, प्राध्यापकही गेले. शेवटी एका शिपायानं गोळ्यायची पुडी मांडीवर टाकली अन् तारा ओढून काढल्या. संग केसही आले. रेघायचा कागद कपाटात गेला. त्यात काय निघालं ते कोणी सांगतलं नाही.

एस.टी.त बाप वहाणा घातलेले पाय सीटखाली लपवून बसला. एवढंच म्हणाला, "मले समजलंच नाही ना माय." वर्सं लोटली, तो वास अजून नाकातून जात नाही.

मेहकरच्या स्टँडवर उतरलो तवा म्या त्याले सांगतलं, "गोळ्या सरल्या की पुन्हा जाऊ. तारा लावू देईन, पण दार लावून. रेघायमंधी काय निघालं ते मराठीत सांगतीन, तवाच खुर्चीवरून उठीन. अन् बा, तू संग येजो. वहाणा दाराशी काढाच्या नाहीत. दोन्ही पायात घालून आत याचं."