खोडात हिंग भरायचा होता
माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीत दोनदा बसून. असा माणूस लढाईच्या कायद्यावर लिहितोय म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. मलाही हसूच येतंय.

माझी लढाई चुलतभावाशी, हातभर रुंद बांधावरून. बांधावर त्याचा रायवळ आंबा. त्याची सावली माझ्या राबावर, म्हणजे भाताचं रोप करायच्या जागेवर पडते. चार वर्षं आमी बोललो नाय. मी सेनापती आणि माझ्या फौजेत एकच माणूस, बायको. तिला हुकूम सोडला: जावेकडे जायचं नाय, बोलायचं नाय. गेल्या दिवाळीनंतर ती आजारपणात वारली. शेवटच्या आठवड्यात जाऊ पेज घेऊन दारात आली होती. मी खाटेजवळून उठलो नि तिला पेजेसकट परत पाठवली. केवढा पराक्रम!

बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी नाय, तेव्हा लढाईला जोर आला. आमच्याकडे म्हणतात, खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड उभं वाळतं. म्हणून मुरबाडच्या बाजारातून हिंगाची मोठी पुडी घेतली, खिशात घातली आणि टेलरमास्तरांकडे गेलो. मास्तर मुसलमान, माझ्याच वयाचे. बायकोची सगळी पोलकी त्यांनी शिवली. एक शेवटचं त्यांच्याकडेच पडलं होतं. दोनदा निरोप आला, पण मला तिकडं पाय टाकवत नव्हता.

मास्तर मोबाइलवर बातम्या बघत होते. कुठल्याशा देशात लढाई, पडलेली घरं, धुळीत बसलेल्या बायका. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं.

"मास्तर, तुमच्या धर्मात लढाईला काय नियम हायेत का नाय?"

मास्तरांनी चष्मा काढला. "हायेत ना. बाईला मारायचं नाय, पोराला नाय, म्हाताऱ्याला नाय, आजाऱ्याला नाय. मठात देवाचं नाव घेत बसलाय त्याला नाय, शेतात राबतोय त्याला नाय. जो लढत नाय त्याच्यावर हात टाकायचा नाय. गुरं उगाच कापायची नायत. फळाचं झाड तोडायचं नाय."

"मग हे काय चाललंय?"

"नियम मोडतात. मग तो कोणच्या का बाजूचा असेना, गुन्हा तो गुन्हाच. तुला शाळेत खोटं बोलू नको शिकवलं होतं ना?"

"मी चौथी नापास."

"तरीच." मास्तरांनी नाक वर केलं. "हिंगाचा वास कुठून येतोय रे?"

मी खिसा दाबला. वास आणखी सुटला.

"एवढा हिंग? तुझ्याकडे आता फोडणी कोण देतं?"

मला खोटं जमतं, पण मास्तरांसमोर नाय जमलं. सांगून टाकलं.

"आंब्याने तुझ्यावर कोयता उगारला?"

"सावली पाडतो."

"मग सावलीवर केस घाल."

मी हसलो, पण डोक्यात मास्तरांची यादी फिरत होती. बाई, तिला बोलू दिलं नाय. आजारी, तिच्या तोंडची पेज परत पाठवली. दोघी जावांनी कधी बांधावर पाय ठेवून भांडण केलं नव्हतं. माझ्याकडून एक फळझाड तेवढं वाचलं होतं, त्याचीही पुडी खिशात तयार.

मास्तरांनी पोलकं काढून दिलं. हिरवं खणाचं. मी उलगडून धरलं, तर त्यात माझी बायको दोनदा मावली असती.

"मास्तर, हे तिचं नाय."

"नायच. मापाला जावेचं जुनं पोलकं आणलं होतं तिने. म्हणाली, थोरलीला द्यायचंय, आमच्या माणसाला सांगू नका."

म्हणजे माझी अख्खी फौज चार वर्षं फितूर होती आणि सेनापतीला पत्ता नव्हता.

मी घरी न जाता थेट चुलतभावाच्या अंगणात गेलो. तो विळ्याला धार लावत होता.

"काय रे, मोजणीवाला आणलास काय?"

"नाय. वयनी कुठाय?"

वहिनी बाहेर आली. पोलकं पुढं केलं. "हिने शिवायला टाकलं होतं. तुमच्यासाठी."

तिने ते घेतलं, तोंडाशी धरलं आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "भावजी, याला हिंगाचा वास येतोय."

मी पुडी काढून तिच्या हातात दिली. "लोणच्याला ठेवा. कैऱ्या धरल्यात ना झाडाला."

"आणि बांधाचं काय?" चुलतभाऊ.

"बांधाचं भांडण हाय तसंच हाय. पण तुझ्याशी. वयनीशी नाय, आंब्याशी नाय."

वहिनी आत गेली नि वाडग्यात पेज घेऊन आली. पेज परत पाठवली त्या दिवसाचं एक अक्षर ती बोलली नाय. मी पायरीवर बसून पेज प्यालो. मीठ कमी होतं. मी सांगितलं नाय. जी लढत नाय तिच्याशी लढायचं नाय, जन्मात तेवढा एक नियम पाळला.