नायगावच्या बांधावरचा चंद्र

दाजींच्या दगडाला मी शेंदूर फासला.

लातूर ते नांदेड या पट्ट्यात चंद्राशी सोयरीक असलेला माणूस एकच, माझ्या अक्काचा नवरा. लातूरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण आमच्याकडचा प्रत्येक काळा दगड त्यांना चंद्राचा चुलतभाऊ वाटतो. लग्नाच्या पंगतीतून जिलेबी सोडून उठतील, जोत्यावर हात फिरवतील आणि यजमानाला सांगतील, "पाटील, चंद्रावरचे काळे डाग अन् तुमचं जोतं एकाच जातीचं, बेसॉल्ट! लाव्हा वाहिला, थिजला. लोक आपल्याला मागास म्हणतात, अन् हितं पायाखाली चंद्र हाय!" पाटील त्यांना कढी वाढायला सांगतात.

नायगावला माझी विहीर खोदताना एक मोठा दगड निघाला. अंगभर बुडबुड्यांची भोकं आणि भोकांत पांढरे खडे. दाजी हरखले. गावच्या शाळेनं त्यांना चंद्रावर बोलायला बोलावलं होतं. निवृत्तीनंतरचं पहिलंच बोलावणं. "पोरांना हाच दाखवणार. तोवर कुणी हात लावायचा न्हाई," असं बजावून ते लातूरला गेले. गावात बांधकामं चालू, बांधावरचा दगड रात्रीतून गायब होतो. आमच्याकडं कुणी हात लावत नाही असा दगड एकाच प्रकारचा असतो. मी शेंदूर आणला.

दाजी परत येईतो नारळ फुटू लागले होते. ते मटकन खाली बसले. "अरे, पांढरे खडे कुठायत? समदा फरक त्यातच हाय!" दगड उचलायला गेलो, तर बायका आडव्या आल्या. "देव हलवायचा न्हाई."

मग दाजींनी शाळाच बांधावर आणली. माझ्या आळसानं मागची बाजू कोरी राहिली होती. तिथं ते मातीत पालथे पडले आणि बोट लावून सांगू लागले, "चंद्रावरच्या दगडात हे बुडबुडे रिकामेच. तिथं मुरायला पाणी न्हाई. आपल्या दगडात पाणी मुरलं, म्हणून आत हे स्फटिक धरले. पाण्यानंच दगड झिजवून काळी माती केली. तुमची कपाशी त्यातच उगवते." सगळी शाळा वाकून बघत होती, बायकाही वाकल्या. एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, मग आपलाच दगड भारी की!"

"लई भारी!" दाजी मातीतूनच ओरडले.

पोरं गेली तरी ते उठेनात. उन्हं उतरली होती, आभाळात फिकट चंद्र दिसत होता. "एकदा तिथला दगड हातात घ्यायला पायजे होता," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी मातीत बसलो. "जाऊ की दाजी, मीपण येतो."

चहा घेऊन आलेल्या अक्कानं माझ्याकडं पाहिलं.

"तू हितंच ऱ्हा. तो चंद्र तरी धड राहू दे."