दही न मोडणारी गाडी

तेरावं होऊन आठवडा झाला होता. सकाळी अकराच्या सुमारास ह्यांचा फोन वाजला. फोन अजून चार्ज करून ठेवते मी, का ते विचारू नका. चिनहटच्या गाड्यांच्या शोरूममधली मुलगी बोलत होती. "आंटीजी, नमस्ते. अंकलजी तीन शनिवार से नहीं आए. हमने तो पिछली सीट पर दही के लिए ट्रे भी लगवा दी है." मी म्हटलं, "बेटा, अंकलजी अब नहीं रहे." ती अगदी गोंधळून म्हणाली, "लेकिन आंटीजी, गाड़ी तो अभी फाइनल ही नहीं हुई थी," आणि रडायला लागली. जणू गाडी ठरल्याशिवाय माणसाने जायचं नसतं. मी फोन ठेवला आणि व्हरांड्यातल्या त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. गाडी फायनल का झाली नाही, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. मला होतं.

तन्वी, ईशान, तुम्ही दोघं लांब वाढलात. तुमच्या आजोबांना तुम्ही स्क्रीनवर पाहिलंत, दर रविवारी अर्धा तास, बहुतेक वेळा फक्त कपाळ. ते भूशास्त्रज्ञ होते आणि चाळीस वर्षं अशा शहरात राहिले जिथे जमिनीत एक दगड सापडत नाही. "खाली नुसता गाळ आहे गं," ते म्हणायचे, "हिमालयाने पाठवलेला. आपण पहाडावरच राहतो, फक्त तो दळून आलाय." सातारच्या माणसाला पायाखाली खडक लागतो, म्हणून वर्षातले तीन-चार महिने ते संस्थेच्या जीपमधून पहाडात असायचे. परत आले की त्यांच्या शर्टाला डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास यायचा. ते शर्ट मी वेगळे धुवायची. पहाडात खूप उंचावर त्यांना एक वाट माहीत होती. तिथे खडकात शिंपले सापडतात, कारण कधीकाळी तिथे समुद्र होता. "एकदा तुला तो समुद्र दाखवायचाय," हे मी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून ऐकत आले. आधी माझी शाळेतली नोकरी, मग तुमच्या बाबाची शाळा, मग माझे गुडघे. समुद्र काही कुठे जात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. समोरचं दिसतंय, बाजूचं हळूहळू जाणार, गाडी चालवणं आता टाळलेलं बरं, असं त्यांनी फार सौम्य शब्दांत सांगितलं. आजोबा थँक यू म्हणाले आणि बाहेर येऊन म्हणाले, "चहा घेऊ या?" मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. ज्या माणसाने आयुष्य वळणावळणाच्या रस्त्यांवर काढलं, त्याला बायकोने पुन्हा ते कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. आणि दोनच महिन्यांनी त्यांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, की आपण फोर व्हील ड्राइव्ह घेणार आहोत.

स्पर्धेत दोन गाड्या उतरल्या. कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही, आमच्या घरात ती कुणी घेतही नव्हतं. एक होती पैलवान आणि दुसरी खारूताई. पैलवान रुंद, उंच, डिझेलवर गुरगुरणारा. गुडघाभर पाण्यातून सरळ जाणारा, पण तीनच दारांचा, त्यामुळे मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून पोटावरून सरकावं लागे. खारूताई अरुंद, हलकी, पेट्रोलवर चालणारी. वाळूत रुतायची नाही आणि आमच्या गल्लीत भाजीवाल्याचा ठेला उभा असला तरी अंग चोरून निघायची. मात्र सामानाची जागा एवढीशी, की दोन पिशव्या ठेवल्या तर तिसरी मांडीवर. पैलवानाचे वकील होते कर्नलसाहेब. दोन घरं सोडून राहणारे आमचे शेजारी, निवृत्तीआधी छावणीत होते. त्यांच्याकडे स्वतःचा पैलवान होताच. "डॉक्टरसाहब, आपकी वो गिलहरी चढ़ाई पर हाँफ जाएगी," ते खारूताईला हिणवत म्हणत. आजोबा आमच्या शहरातल्या चिंचोळ्या, गर्दीच्या बाजाराचं नाव काढत, "और आपका पहलवान अमीनाबाद में घुसकर दिखाए." "अमीनाबाद तो रिक्शे से जाते हैं यार, गाड़ी से कौन जाता है!" "वही तो. जो गाड़ी अमीनाबाद नहीं जा सकती, वो घर की गाड़ी नहीं." असं महिनोन् महिने चाले. मी एका वहीत रकाने आखून दिले होते, कारण रकान्यांशिवाय वाद घालणं मला सहन होत नाही. चढ, वाळू, पाणी, वळण, पायरीची उंची, पार्किंग...

आणि दही. तो शोध आजोबांचा. जुन्या दिवसांत पहाडातले लोक मडक्यात दही देत आणि ते पायथ्यापर्यंत न मोडता पोचलं तर ड्रायव्हर चांगला, असं त्यांच्या जीपवाल्याचं गणित होतं. म्हणून दर शुक्रवारी दुपारी मी म्हशीच्या दुधाला विरजण लावायची, मडकं त्यांच्या तपकिरी मफलरमध्ये गुंडाळून ठेवायची, आणि शनिवारी सकाळी ते माझ्या मांडीवर बसून गाडीची परीक्षा घ्यायला निघायचं. पैलवान गोमतीच्या काठच्या रेतीत, खारूताई शोरूममागच्या कच्च्या रस्त्यावर. चालवायचे कायम कर्नलसाहेब. आजोबा शेजारी. "चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, शेजारच्याला गाडी दिसते," असं त्यांचं म्हणणं. मला ते फार शास्त्रीय वाटायचं. परत आल्यावर ते मडक्यात वाकून बघत... तडा किती, पाणी किती सुटलं. कर्नलसाहेब कपाळाला हात लावत. "भाभीजी, ये आदमी गाड़ी खरीद रहा है या हलवाई की दुकान खोल रहा है?"

मी आधी कित्येक महिने, डॉक्टरांकडे जाणं सोडलं तर, शनिवारीच काय, कुठल्याच वारी घराबाहेर पडले नव्हते. गुडघ्यांचं निमित्त होतं. आता शुक्रवारपासूनच साडी काढून ठेवायला लागले. रेतीत गाडी थांबवून आम्ही तिघं थर्मासमधला चहा प्यायचो. धुक्यात नदी दिसायची नाही, फक्त तिचा ओलावा यायचा. आजोबा त्या पांढऱ्या भिंतीकडे बघून म्हणायचे, "समज, हाच तो समुद्र." आणि मला खरंच क्षणभर लाटांचा आवाज ऐकू यायचा.

मग गेल्या दिवाळीनंतर एका गुरुवारी ते म्हणाले, "खारूताईच. या शनिवारी दही टिकलं तर बुकिंग करून टाकतो. उन्हाळ्यात तुला घेऊन वर जातो." मला दिसत होती ती अरुंद वाट, एका बाजूला दरी, आणि ज्या बाजूचं त्यांना दिसत नाही तीच ती बाजू. बोलले असते तर दोन वाक्यांचं काम होतं. मी बोलले नाही. शुक्रवारी दुपारी दुधात दीड पेला पाणी घातलं आणि मग विरजण लावलं.

शनिवारी खारूताईत दही साध्या गतिरोधकावरच फुटलं. शोरूमच्या दारात परत पोचेपर्यंत मडक्यात ताक. आजोबांनी वाकून पाहिलं. बोट बुडवून चाखलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही जमलं हिला. अजून बघायला हवं." घरी येऊन तेच पातळ दही भातावर घेऊन जेवले आणि म्हणाले, "छान लागलंय." त्यानंतर आणखी दोनदा त्यांनी बुकिंगचं नाव काढलं आणि दोन्ही वेळा मी पाणी घातलं. बत्तीस वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवणारी बाई मी.

ते गेले त्या शुक्रवारी सकाळी व्हरांड्यात छान ऊन होतं. मांडीवर पेपर होता. मी दूध तापवायला आत निघाले तर म्हणाले, "आज दूध जास्त घे. परवा तन्वीचा फोन आहे, तिला मडकं दाखवू." मी बाहेर आले तेव्हा पेपर खाली पडला होता, आणि ते डोळे मिटून, अगदी गाडीत शेजारच्या सीटवर पेंगावं तसे बसले होते... त्या दिवशी विरजण कुणी लावलं, मला आठवत नाही. दही मात्र लागलं होतं. शनिवारी माणसांनी भरलेल्या घरात ते मडकं मफलर गुंडाळून तसंच कोपऱ्यात बसलेलं मला दिसत होतं.

शोरूमच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेब आले. मी चहा ठेवला आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "भाईसाहब, मैंने उनको धोखा दिया." पाण्याचं, दह्याचं सगळं सांगितलं. त्यांना शेवटचा समुद्र बघू दिला नाही मी, हेही. ते कप खाली ठेवून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "भाभीजी, उनको पता था."

"क्या पता था?"

"सब. पहले ही दिन चखकर बोले थे मुझसे, यार, आज उसने पानी मिलाया है. डरती है बेचारी." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "लाइसेंस तो उन्होंने आँखों वाले डॉक्टर के यहाँ से लौटते ही मेरे पास रखवा दिया था. बोले, तुम रखो, घर में रहेगा तो मन ललचाएगा. गाड़ी खरीदनी किसको थी?"

"तो फिर ये इतना सब... बुकिंग, बुकिंग..."

"अरे, बीच-बीच में बुकिंग न बोलते तो आपको शक न हो जाता! मैंने भी पूछा था एक दिन, कि ये नाटक कब तक. तो बोले, तुम देखते नहीं, शनिवार को वो बाहर निकलती है. गाड़ी फाइनल हो गई तो फिर घर बैठ जाएगी."

चहा गार झाला. माझ्या मनात वेड्यासारखं एकच वाक्य फिरत होतं, चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, शेजारच्याला गाडी दिसते. ते त्या सीटवर दोन वर्षं बसले, आणि मागे मडकं सांभाळत बसलेली मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय.

कर्नलसाहेब उठताना म्हणाले, "तो, इस शनिवार?" मी नको म्हणणार होते. मग शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला थांबवून एक लिटर जास्त घेतलं.

काल आम्ही पैलवानातून गेलो. पुढची सीट वाकवून मी नेहमीसारखी मागेच बसले. शेजारची सीट रिकामी होती, आणि कर्नलसाहेबांनी तिच्यावर काही ठेवलं नव्हतं. मुद्दाम खड्ड्यांतून घातली त्यांनी गाडी. रेतीत पोचल्यावर धुकं तसंच होतं, पांढरं, काठ नसलेलं. मी मफलर सोडला. दही जसंच्या तसं होतं, घट्ट, आरशासारखं, एकही तडा नाही. वही काढून मी पैलवानाच्या रकान्यात लिहिलं, शाबूत. मग पिशवीतून चमचा काढला आणि इतक्या शनिवारांत पहिल्यांदा ते मी स्वतःच्या हाताने मोडलं.