उत्तरेच्या भिंतीतली झडप

त्या मंगळवारी तौनो जेवायच्या आधीच बूट घालायला बसला. साइमीनं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीनं, वेलदोड्याचा पाव नुकता भट्टीतून काढला होता.

"आता कुठं?"

"रिंकवर. उत्तरेच्या भिंतीला पत्रा मारतायत. झडप तेवढी सोडा म्हणून सांगतो."

"रिटायर होऊन सतरा वर्षं झाली. तुझं कोण ऐकतंय? जा, त्या फळकुटाशीच लगीन लाव!"

"ती तुझ्यासारखी टाकून बोलत नाही, पोरी," म्हणाला, हसला आणि गेला.

दुपारी फोन आला. तौनो बर्फाच्या कडेला बाकावर बसल्या बसल्याच गेला.

आता ती झडप म्हणजे काय, तर युनिव्हर्सिटीचं हे बर्फावरच्या हॉकीचं रिंक त्यांच्या बापानं आणि खाणीतल्या सुतारांनी बांधलं. तेव्हा बर्फ करायचं मशीन कुठलं! लाकडी शेड आणि तळ्याच्या अंगाला, उत्तरेच्या भिंतीत, फळ्यांच्या सोळा झडपा. थंडी पडली की दोर ओढून सगळ्या उघडायच्या, जमिनीवर नळीनं पाणी मारायचं, वारा आत येऊन बर्फ करायचा. लहानपणी एका दोराला तौनो आणि साइमी दोघं लोंबकळायची, तेव्हा कुठं ती हलायची. पुढं जमिनीखाली नळ्या आल्या, मशीन आलं, पंधरा झडपांना खिळे बसले. सोळावी तौनोनं ठोकू दिली नाही. मार्चात बर्फावर धुकं धरायचं, खेळणाऱ्या पोरांना हॉकीची चकतीसुद्धा दिसायची नाही, मग हा ती उघडायचा. एकेचाळीस वर्षं बर्फ राखला त्यानं. लग्न केलं नाही.

मातीच्या दिवशी साइमीनं पत्रा मारणाऱ्या ड्वेन सुताराला गाठलं. "काय म्हणाला रे तो?"

"झडप ठेवा म्हणाले. मी म्हटलं, ऑफिसात विचारा. ऑफिसवाले म्हणाले, बघतो, बसा. म्हणून बसले होते."

"किती वेळ?"

ड्वेन खाली बघायला लागला. "दोन तास असतील. आता पत्रा मारायचाच हुकूम आलाय. शुक्रवारी. तुम्हाला यायचं असलं तर या."

दोन तास. उपाशी. पाव दिला असता हातात तर! पण आपण काय दिलं, टोमणा. साइमीला तेच आठवत राहिलं.

शुक्रवारी ती गेली. झडप शेवटची एकदा उघडायची म्हणून दोर धरला. एकटीला झेपेना, तर ड्वेननं मागून हात लावला. झडप उघडली आणि तळ्यावरचा वारा भसकन आत आला. खेळणारी पोरं ओरडली, "आजी, बंद करा! गोठलो!"

"हॉकी खेळता आणि थंडी वाजते होय रे?" साइमी म्हणाली.

झडप बंद होताना अडकली. ती तशीच अडकायची, खांदा लावल्याशिवाय बसायची नाही, तौनोला माहीत होतं. साइमीनं खांदा लावला. ड्वेननं खिळे ठोकले, एक, दोन, सगळे.

"सोडा आता, बसली."

साइमीनं खांदा काढला नाही.

"आजी, बसलीय ती," ड्वेन म्हणाला.

"कळलं मला," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.