चार लॉकं आणि खिडकीतली नवरी

सासऱ्यांच्या अँबॅसिडरच्या चारही दरवाजांची अस्सल लॉकं मी नकली समजून भंगारात घातली, आणि अस्सल समजून नकली बसवली.

सासूबाईंना लग्न करून आणलं ते याच गाडीतून. आता धाकट्या लेकीला, स्नेहालाही मांडवापर्यंत आपणच हिच्यातून न्यायचं, एवढी एकच हौस नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, धरली होती. लग्नाआधी गाडी ठाकठीक करायचं मी अंगावर घेतलं. (कुणी सांगितलं नव्हतं. मला कधीच कुणी सांगत नाही.)

द्वारका चौकाजवळच्या मेकॅनिकने दरवाजा उघडून पाहिला. "लॉकं मस्त आहेत साहेब. कशाला हात लावता?"

"इतक्या जुन्या गाडीत एवढी चकचकीत? अहो, ही नंतर बसवलेली डुप्लिकेट आहेत."

"मग चालू द्या की डुप्लिकेट. बदलायचीच तर नवी मिळतात, गॅरंटीची."

"माझ्या गाडीत डुप्लिकेट चालणार नाही," मी म्हणालो. (गाडी तोवर माझी झाली होती!)

शेजारी उभ्या नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या सासुरवाडीत जावयाच्या शब्दाला कुणी नाही म्हणत नाही. ही रीत ज्याने पाडली त्याला माझ्यासारखा जावई नसणार.

मी थेट मालेगावच्या जुन्या पार्टच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दांड्यांसकट दोन प्रकारची लॉकं पुढ्यात टाकली, एक कोरी, एक गंजलेली. "ये नया माल, और ये पुराना, असली." मी गंजाचा वास घेतला. (का, ते विचारू नका. आंबे घेताना घेतात, एवढं माहीत होतं.) गंजलेली उचलली. "नजर है साब आपकी," तो म्हणाला. हे वाक्य मी घरात लग्नापर्यंत सगळ्यांना ऐकवत होतो.

बसवल्यावर दरवाजे हळूच लावून पाहिले, हळूच उघडले. उत्तम. पण लग्नघरात दरवाजा हळूच कोण लावतं? निघताना आत्याने एक, मावशीने एक, असे चारही दणादण लागले. मागे नवरी, स्टिअरिंगवर नाना, शेजारी मी.

पंचवटीतल्या कार्यालयासमोर गाडी थांबली. नानांनी दांडी ओढली. दरवाजा हलला नाही, बाहेरून कुणी ओढूनही नाही. मी माझी ओढली, ती हातातच आली. बरोबर गंजही आला, ऑइलपेंटचा! खाली कोरा पत्रा चमकत होता.

"जुनी लॉकं कुठायत?" नानांनी विचारलं.

"भंगारात. डुप्लिकेट होती ना ती."

"गाडीबरोबर आलेली होती हो. दर रविवारी तेल दिलंय मी त्यांना."

"मग तेव्हाच बोलायचं होतं नाना."

"तुम्ही जावई. कसं बोलणार?"

"बाबा, आता बोला काहीतरी," मागून नवरी म्हणाली. "मुहूर्त चाललाय."

एवढ्यात माझी बायको वंदना ओवाळणीचं ताट घेऊन खिडकीत वाकली. "अहो, काय केलंत?" (काय झालं, असं ती विचारत नाही. अनुभव आहे तिला.)

नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं. स्नेहाचा मामा देवळ्याचा, कांदेवाला. त्याने बाह्या सारल्या. "काच खाली घे, पोरी." आणि शालू-मुंडावळ्यांसकट तिला खिडकीतून एका दमात बाहेर काढलं. "गोणी हिच्यापरीस लय जड राहती," तो म्हणाला.

व्हिडिओवाला म्हणाला, "मामा, परत एकदा घेऊ?"

पण नानांचं पोट काही खिडकीतून जाईना. आतून गुरुजी धावत आले. "वडील कुठायत? कन्यादान खोळंबलंय."

नानांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "गुरुजी, इथं बसून हात बाहेर काढला तर चालेल का हो?"

गुरुजी खरोखरच विचार करू लागले. ते बघून मामाने नानांचे दोन्ही हात धरले आणि मी आतून त्यांना ढकललं. (सासऱ्यांना कुठून ढकललं, ते लिहीत नाही.) सदऱ्याचा खिसा खिडकीत राहिला, नाना बाहेर पडले. डोळे पुसत मांडवाकडे धावले.

मला ओढायला मात्र कुणी थांबलं नाही. मंगलाष्टकं मी गाडीतूनच ऐकली. वंदनाने अक्षता खिडकीतून आत टाकल्या, जरा जोरातच.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी नवे जावई नानांच्या पाया पडले. मी शेजारीच उभा होतो. (पंगतीच्या वेळी मामाने मलाही ओढून काढलं होतं.) नानांनी तोंडभर आशीर्वाद दिला आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, "एक सांगतो, राग मानू नका. माझ्या गाडीला हात लावायचा नाही. मोठ्या जावयांना हे सांगायचं राहून गेलं."